प्रवासी गायब, तरी बस चालू: अत्यावश्यक सेवेतल्या शहर बसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत मुंबईच्या लोकल थांबल्या. बेस्टच्या बसगाड्या मात्र धावत राहिल्या. एरवी दिवसाला तीस लाखांच्या घरात प्रवासी नेणाऱ्या या सेवेकडे नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस, पाणी आणि वीज खात्याचे कर्मचारी एवढेच उतारू उरले. त्या काळाबद्दल तेच तेच प्रश्न आजही विचारले जातात. काही कुतूहलापोटी, काही रागाने, आणि काही ‘पुन्हा अशी वेळ आली तर’ या धास्तीने. बहुतेक उत्तरं मुंबईची आहेत; जिथे दुसऱ्या शहराकडून शिकण्यासारखं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

‘अत्यावश्यक सेवेची बस’ म्हणजे वेगळी बस असते का?

नाही. बस तीच, डेपो तोच, चालक-वाहकही तेच. बदलतं ते इतकंच, की कोणाला चढू द्यायचं हे सरकारी आदेशाने ठरतं आणि बस कुठून कुठे, किती वाजता जाणार हे नेहमीच्या मार्गांवरून ठरत नाही. लाल बसच्या पाटीवर ओळखीचा क्रमांक असेलच असं नाही. काचेला आतून चिकटवलेला ‘अत्यावश्यक सेवा’ असा कागद, एवढीच तिची ओळख.

शहर बंद होतं, मग बसला गर्दी कशी झाली?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यातच बरीचशी गोम आहे. एकूण प्रवासी कोसळले हे खरं. पण मुंबईत बस हे मुख्य वाहन कधी नव्हतंच. मुंबईचं मुख्य वाहन लोकल. टाळेबंदीपूर्वी उपनगरी रेल्वेतून रोज सुमारे ऐंशी लाख फेऱ्या होत. २२ मार्चच्या रात्रीपासून त्या बंद झाल्या आणि अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी सुरू व्हायला १५ जून उजाडला. मधले जवळजवळ तीन महिने विरारचा, बदलापूरचा, पनवेलचा माणूस लोकलऐवजी बसकडे आला. चर्चगेट ते विरार रेल्वेने ६० किलोमीटर, सीएसएमटी ते बदलापूर ६८. केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत काम करणारे, रस्ते झाडणारे, कचरागाड्यांवर जाणारे लोक पगाराच्या मानाने परवडेल तिथे, म्हणजे दूर राहतात. हे शहर असंच वसलं आहे.

त्यामुळे दुपारी बारा वाजता बेस्टची बस रिकामी आणि सकाळी सहा वाजता त्याच बसच्या दरवाजात माणूस लोंबकळतोय, अशी दोन चित्रं एकाच दिवशी दिसत. वर्तमानपत्रांत दोन्हींचे फोटो यायचे. पहिल्यावर लोक म्हणायचे, ‘डिझेल जाळताय कशाला?’ दुसऱ्यावर म्हणायचे, ‘अंतर कुठे गेलं?’ आणि दोघांचंही उत्तर एकच होतं: बस किती हे चुकलेलं नव्हतं, बस केव्हा हे चुकलं होतं.

किती बस सोडायच्या हे कसं ठरवतात?

नेहमीच्या दिवसांत साधारण मागच्या महिन्याची तिकीटविक्री बघतात. कोणत्या मार्गावर किती उत्पन्न, दर किलोमीटरला किती, त्यावरून फेऱ्या वाढतात किंवा कापल्या जातात. प्रवासी कोसळले की हा हिशेब फसवायला लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. समजा बोरिवली-कांदिवलीकडून परळच्या रुग्णालयात सकाळच्या ड्यूटीला ६० जण येतात आणि नाइट संपवून ४० जण परत जातात. अंतर राखून बसमध्ये २५ जण. म्हणजे येताना तीन बस, जाताना दोन पुरतात, पण तिसरीही परत न्यावीच लागते. या सहा फेऱ्यांत १०० प्रवासी झाले. उरलेल्या दिवसात याच मार्गावर दहा फेऱ्या, त्यात मिळून ६० प्रवासी. दिवसाच्या १६ फेऱ्या, १६० प्रवासी, सरासरी दर फेरीला दहा. कागदावर बघणारा साहेब म्हणणार, पंचवीसची जागा आणि दहाच माणसं? अर्ध्या बस काढा. काढल्या, की सकाळी साठ माणसांपुढे एक किंवा दोन बस उभ्या राहतात आणि ज्या अंतरासाठी हा सगळा खटाटोप, तेच संपतं.

म्हणून अशा काळात सरासरी बघायचीच नाही. प्रत्येक मोठ्या कामाच्या ठिकाणी पाळी बदलताना एकावेळी किती जण आत येणार, ते कोणत्या भागातून, हे धरून त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी बस मांडायच्या. मधल्या वेळेत तासाला एक बस पुरते. तीही काढू नये, कारण डॉक्टर असो की औषध दुकानातला पोरगा, कोणाला तरी अवेळी निघावं लागतंच.

मग वेळापत्रक कोण बनवतं? डेपो की रुग्णालय?

बनवतो डेपोच, पण मजकूर रुग्णालयाचा असायला हवा. मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, टेबलावर जे ड्यूटीचं पत्रक असतं त्यात सगळं आहे: कोण मॉर्निंगला, कोण नाइटला, आठवड्याने कोण कुठे फिरणार. महापालिकेच्या सफाई खात्याच्या चौक्यांवर मस्टर असतं. तिकडची वेळ रुग्णालयापेक्षाही आधीची. ही पत्रकं दर आठवड्याला वाहतूक विभागाकडे पोचली तर निम्मं काम होतं.

सुटण्याच्या वेळेचं मात्र पत्रकावर अवलंबून चालत नाही. पाळी सातला संपली म्हणजे नर्स सातला फाटकाबाहेर येत नाही. पुढच्या पाळीला हँडओव्हर द्यायचा, त्या काळात पीपीई किट उतरवायचं, अंघोळ करायची, मग कपडे बदलून निघायचं. सात पाचला सुटणारी बस तिच्या काय कामाची? पाऊण तास थांबणारी बस हवी, आणि थांबलेली बस म्हणजे वाया गेलेली बस, असं मानणाऱ्या खात्यात ती मंजूर करून घेणं सोपं नसतं.

रस्ते मोकळे होते, तर बस वेळेवरच येत असतील ना?

वेळेच्या आधी येत होत्या, आणि तो त्रासच होता. मुंबईचं बस वेळापत्रक वाहतूक कोंडी गृहीत धरून बांधलेलं. कोंडी नाही, थांब्यावर चढणारे नाहीत, सिग्नल मोकळे. बस दहा-पंधरा मिनिटं आधी निघून जाते. एरवी दहा मिनिटांनी दुसरी येते म्हणून कोणी ओरड करत नाही. तासाला एकच बस असेल तर आधी गेलेली बस ही न आलेल्या बसपेक्षा वाईट, कारण माणूस वेळेवर येऊनही मागे राहतो. उपाय साधा आहे: मधल्या दोन-तीन ठरावीक थांब्यांवर वेळ होईपर्यंत बस उभी करायची. स्टार्टरला, म्हणजे बस वेळेवर सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, आणि चालकाला ते लेखी द्यावं लागतं, नाहीतर ‘रिकामी बस का उभी केली’ म्हणून त्यांनाच विचारणा होते.

एका बसमध्ये किती जण बसवायचे?

८ जून २०२० ला बेस्ट सर्वांसाठी सुरू झाली तेव्हाचा नियम होता: एका आसनावर एक, आणि पाच जण उभे. मोठ्या बसमध्ये तीसच्या आसपास. छोट्या वातानुकूलित बसचं गणित याने पारच कोलमडतं. मुळात जागा कमी, त्यात बंद काचा. त्यातल्या काही बस रुग्णवाहिका म्हणून वापरल्या गेल्या.

चालक-वाहक स्वतः डेपोत कसे पोचत होते?

बाहेरचा माणूस हे विचारत नाही आणि डेपो मॅनेजरची रात्र यातच जाते. पहाटे साडेचारची बस काढायची तर चालक चारला डेपोत हवा. तो राहतो नालासोपाऱ्याला किंवा अंबरनाथला. त्याला आणायला लोकल नाही. म्हणजे पहिली सेवेची बस निघण्याआधी कर्मचाऱ्यांना आणणारी बस निघायला हवी, आणि त्या बसचा चालक कुठून यायचा? उत्तर असं, की काही चालक रात्री डेपोतच मुक्कामी राहतात किंवा जवळ राहणाऱ्यांना ती ड्यूटी लावतात.

यातून ड्यूटीचं शेड्यूलही बदलतं. सकाळी चार तास, मध्ये सुट्टी, संध्याकाळी चार तास अशी तुटक ड्यूटी गर्दीच्या दोन वेळांसाठी सोयीची. पण दूर राहणारा माणूस मधल्या सुट्टीत जाणार कुठे? डेपोतली विश्रांतीची खोली दहा जणांची, तिथे आता तिघांनाच बसवायचं. टर्मिनसबाहेरचा चहावाला गेला, वडापावची गाडी गेली, सार्वजनिक शौचालयाला कुलूप. शेवटच्या थांब्यावर चालक बस वळवतो, हँडब्रेक ओढतो आणि उतरून बघतो तर पाणी मिळेल असं एक दुकान उघडं नसतं. बारा तासांची ड्यूटी घेऊन एक दिवसाआड सुट्टी देणं हा बऱ्याच ठिकाणी निघालेला मार्ग. तो आदर्श नाही. पण रोज चार तास प्रवास करायला लावण्यापेक्षा माणुसकीचा आहे.

चालकाला जास्त धोका की वाहकाला?

बस कशी बांधली आहे त्यावर आहे. लंडनमध्ये प्रवासी पुढच्या दाराने, चालकाच्या समोरून चढतात. तिथे अनेक बसचालक कोविडने गेले. त्यानंतर २० एप्रिल २०२० पासून मधल्या दाराने चढायचं ठरवलं, पुढचं दार बंद केलं, आणि भाड्याचं यंत्र पुढच्या दाराशीच असल्यामुळे भाडं घेणंही थांबलं. साधारण महिनाभराने, चालकाच्या केबिनीचे पडदे नीट बंद केल्यावर, पुढचं दार पुन्हा उघडलं.

बेस्टच्या जुन्या बसमध्ये चढायचं मागून, उतरायचं पुढून. चालकाची बाजू त्यामुळे निम्मी सुरक्षित. त्याच्या मागची आसनं दोरी बांधून मोकळी ठेवली, प्लॅस्टिकचा पडदा लावला की बरंचसं काम झालं. सापडतो तो वाहक. तो बसभर फिरणार, नोट हातात घेणार, सुटे परत देणार, ओळखपत्र बघायला वाकणार, आणि मास्क नाकाखाली आलेल्या माणसाशी वादही त्यानेच घालायचा. माझं मत विचाराल तर पहिल्याच आठवड्यात वाहकाला मागच्या दाराजवळच्या एका आसनावर बसवून टाकायला हवं होतं. तिकीट त्याच्याकडे येऊन घ्या, पुढे जा. ‘पुढे चला’ म्हणत फिरण्याची गरज बस भरलेली असते तेव्हा. पंचवीस माणसांत नाही.

कर्मचारी बाधित होत होते आणि काही दगावलेही. मे २०२० मध्ये कामगार संघटनेने सुरक्षेच्या मागण्यांसाठी घरीच थांबण्याची हाक दिली, त्यामागे हेच होतं. त्याला ‘ऐन संकटात आडमुठेपणा’ म्हणणारे होते. हातमोजे दोन दिवसांत फाटतात आणि नवी जोडी पुढच्या आठवड्यात मिळते, हे त्यांना माहीत नसावं.

अत्यावश्यक कोण, हे कोण ठरवणार?

आदेश निघतो मंत्रालयातून. अंमल होतो बसच्या पायरीवर. महापालिकेच्या नर्सकडे छापील ओळखपत्र असतं, तिला कोणी अडवत नाही. पण कंत्राटी कंपनीने नेमलेला सफाई कामगार, रुग्णालयातल्या कँटीनचा माणूस, खाजगी आयाबाई, एटीएमबाहेरचा वॉचमन यांच्याकडे काय असतं? फार तर मालकाने मोबाइलवर पाठवलेला एक फोटो. यादीतल्या शब्दांप्रमाणे ही माणसं कधी आत होती, कधी बाहेर. त्यांच्याशिवाय रुग्णालय मात्र एक दिवस चाललं नसतं.

जुलै २०२० पासून लोकलसाठी क्यूआर कोडचे पास आले. स्टेशनवर ते जमतं, कारण तिथे दार एक आणि तपासणारे चार. बसथांब्यावर पावसात अंधूक झालेल्या मोबाइलचा कोड वाचत बसायला वाहकाला वेळ नसतो. तपासणी करायचीच असेल तर ती सुटण्याच्या ठिकाणी, स्टार्टरच्या चौकीवर व्हावी. वाटेतल्या थांब्यावर वाहकाने शंकेचा फायदा प्रवाशाला द्यावा. एखादा नियम मोडून भाजी आणायला गेला तर आभाळ कोसळत नाही. आयसीयूतला वॉर्डबॉय खाली उतरवला गेला तर कोसळू शकतं.

या लोकांकडून तिकीट तरी का घ्यायचं?

फुकट करावं असं मलाही आधी वाटायचं. नोट नाही, सुटे नाहीत, वाहकाचा धोका कमी. पण तिकिटाचे दोन उपयोग प्रवाशाला दिसत नाहीत. एक म्हणजे मोजणी: कोणत्या थांब्यावर, किती वाजता, किती जण चढले हे तिकीट यंत्रातूनच कळतं, आणि वर सांगितलेली पाळीची गर्दी ओळखायला दुसरं साधन डेपोकडे नसतं. दुसरा, फुकट बसमध्ये एका थांब्यापुरते चढणारे वाढतात आणि मोजूनमापून ठेवलेल्या पंचवीस जागा त्यात जातात.

मधला मार्ग पासचा. रुग्णालयाने किंवा खात्याने एकरकमी पैसे भरून कर्मचाऱ्यांना पास द्यावेत, वाहकाने फक्त यंत्रावर नोंद करावी. जुलै २०१९ मध्ये बेस्टने पहिल्या पाच किलोमीटरचं भाडं पाच रुपयांवर आणलं होतं, त्यामुळे बुडणारी रक्कमही फार मोठी नव्हती.

शंभर प्रवाशांचे दहा झाले तर खर्चही तसाच खाली येईल ना?

येत नाही. इथेच सगळ्यांची गल्लत होते.

बस चालवण्याच्या खर्चात मोठा वाटा पगाराचा. चालक, वाहक, मेकॅनिक, तपासनीस, चौकीदार. प्रवासी आले नाहीत म्हणून त्यांचा पगार थांबवता येत नाही, आणि थांबवला तर सेवा पुन्हा सुरू करायला माणूस उरत नाही. दुसरा वाटा कर्जाचे हप्ते, विमा, कर, डेपोंची देखभाल. बस उभी असो वा धावती, हे द्यावंच लागतं. वाचतं ते इंधन, टायर, थोडं ऑइल. वर निर्जंतुकीकरण, मास्क, हातमोजे यांचा नवा खर्च बसतो.

प्रवाशांचं उलट. बस तीच, अंतर तेच, पण जिथे साठ-सत्तर जण चढत तिथे आता पंचवीस. म्हणजे प्रत्येक प्रवाशामागचा खर्च दुपटीहून वर जातो आणि त्याच्याकडून मिळणारं भाडं तेवढंच राहतं. याला ‘तोटा’ म्हणणं हिशेबाच्या वहीत बरोबर असेल, पण अग्निशमन दल किती आगी विझवल्यावर फायद्यात येतं, असं कोणी विचारतं का?

मग हा पैसा कोणी द्यायचा?

मुंबईत तो प्रश्न टाळेबंदीच्या आधीपासूनच लोंबकळत होता. एके काळी बेस्टच्या वीज विभागाचं उत्पन्न बसची तूट भरून काढायचं. तशी भरपाई बंद झाल्यापासून परिवहन विभाग महापालिकेच्या मदतीवर आला. २०१९ मध्ये पालिकेने मदत देताना दोन गोष्टी करून घेतल्या: भाडं कमी केलं आणि भाडेतत्त्वावरच्या बस वाढवल्या. प्रवासी वाढलेही. आणि मग वर्षही झालं नाही तोवर टाळेबंदी आली.

एसटीचं दुखणं आणखी मोठं, कारण तिची जवळजवळ सगळी मदार तिकिटावर. पगार थकले, कर्मचाऱ्यांची दिवाळी तोंडावर आली तेव्हा, नोव्हेंबर २०२० मध्ये, राज्य सरकारने १,००० कोटींची मदत जाहीर केली. म्हणजे सेवा आधी द्यायची, पैशाचं नंतर बघू. इंग्लंडमध्ये लंडनबाहेरच्या बस कंपन्या खाजगी आहेत, तिथे सरकारने एप्रिल २०२०च्या सुरुवातीलाच अनुदान जाहीर केलं: एवढी सेवा चालू ठेवा, भाड्यातली तूट आम्ही भरू. रक्कम पुरेशी होती की नाही यावर तिथेही वाद झाले, पण ती आधी जाहीर झाली हे महत्त्वाचं. कंपनीला पुढचे तीन महिने किती बस चालवता येतील हे माहीत होतं.

आपल्याकडे करायचं तर तिकिटाच्या तुटीवर पैसे देऊ नयेत, धावलेल्या किलोमीटरवर द्यावेत. तुटीवर दिले की चालवणारा रिकाम्या फेऱ्या गुपचूप कापतो. किलोमीटरवर दिले की पहाटेची बस टिकते. फक्त मग डेपोने उगाच गोल गोल फिरू नये म्हणून वेळापत्रक वरच्याने तपासावं.

भाडेतत्त्वावरच्या बसचं काय झालं?

तिथे करार बोलतो. बस कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. बेस्ट दर किलोमीटरला पैसे देते; वाहक तेव्हा बेस्टचा असायचा. अशा करारात बहुधा किमान किलोमीटरची हमी असते. बस धावल्या नाहीत तरी काही रक्कम द्यावी लागणार का, यावर मग कागद हलतात. प्रवाशाच्या दृष्टीने खरा मुद्दा वेगळा. बेस्टच्या कायम चालकाला ड्यूटीवर बोलावण्याचा अधिकार बेस्टला आहे. कंत्राटदाराचा चालक गावी निघून गेला तर बेस्ट त्याला नोटीसही काढू शकत नाही.

एसटी मुंबईत कशी आली?

दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात लांबच्या उपनगरांतून, म्हणजे पालघर, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, बदलापूर, पनवेल भागांतून अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना आणण्यासाठी. बेस्टचा पल्ला तिथवर पुरत नव्हता आणि एसटीच्या राज्यभरच्या गाड्या तशाही उभ्या होत्या. कल्पना चांगली. पण या बस किती नाजूक दोरीवर लटकल्या होत्या ते २२ जुलै २०२० ला नालासोपाऱ्यात दिसलं. तिथली एसटीची सेवा थांबली आणि कामावर निघालेले लोक थेट स्टेशनात घुसून रुळांवर उतरले. त्यांना लोकलमध्ये परवानगी नव्हती, बस नव्हती आणि कामावर खाडा पडला तर पगार नव्हता. एक मार्ग बंद करण्याआधी त्यावरचा माणूस दुसरा कोणता घेणार, हे न बघितल्याचा तो परिणाम.

दुसरा टप्पा शरद ऋतूतला. शहर उघडत होतं, लोकल सगळ्यांना नव्हती, म्हणून राज्यभरच्या आगारांतून एसटीच्या गाड्या बेस्टच्या मदतीला आणल्या. सोबत चालक-वाहकही. सांगली-साताऱ्याकडचा चालक, ज्याने घाट रात्रीत उतरले, त्याला अंधेरीच्या गल्लीत पहिल्या दिवशी थांबा सापडत नव्हता. रस्ता माहीत असलेलं कोणीतरी शेजारी उभं राहून ‘डावीकडे घ्या दादा’ सांगत होतं. त्यांच्या राहण्या-जेवणाच्या तक्रारी झाल्या, बरेच जण बाधितही झाले. माणसं मागवताना त्यांच्या झोपण्याची सोय आधी आणि बसचं पार्किंग नंतर बघायला हवं, झालं उलट.

उभ्या बसना काही होत नाही ना?

होतं. बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात, पावसाळ्यात ब्रेक धरतात. दोन-चार दिवसांनी प्रत्येक बस सुरू करून डेपोत फिरवावी लागते. त्यापेक्षा बस आळीपाळीने रस्त्यावर काढलेल्या बऱ्या.

रात्रपाळीच्या बायकांसाठी वेगळी सोय असते का?

असायला हवी. दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही, आणि साडेदहाच्या बसमधून एकटीच नर्स उतरते. एरवी गर्दी हीच तिची सोबत असते. अशा वेळी थांब्यावरच उतरवण्याचा नियम सैल करून तिच्या गल्लीच्या तोंडाशी बस थांबवावी आणि ती आत वळेपर्यंत डबल बेल, म्हणजे बस निघण्याची खूण, देऊ नये. अनेक वाहक हे सांगितल्याशिवाय करायचे. लेखी सूचना असेल तर न करणारेही करतील. रुग्णालयाचा थांबाही फाटकासमोर हवा, पुढच्या चौकात नको.

सगळ्यांसाठी बस केव्हा खुली करायची?

मुंबईत ८ जून, पुण्यात पीएमपीची सेवा ३ सप्टेंबर २०२०. दोन शहरांत जवळपास तीन महिन्यांचं अंतर. मुंबईने घाई केली असं काही जण म्हणतात. पण त्याच दिवसापासून खाजगी कार्यालयांना थोड्या कर्मचाऱ्यांसह परवानगी मिळाली होती आणि लोकल अजून बंद होती. बस खुली केली नसती तर माणसं टेम्पोत कोंबून गेली असती. पहिल्याच दिवशी दोन लाखांहून अधिक लोक बसने गेले आणि थांब्यांवर लांबच लांब रांगा लागल्या.

चुकलं ते दुसरंच. सर्वांसाठी खुली करताना अत्यावश्यक सेवेच्या खास फेऱ्या त्याच गर्दीत विरघळल्या. आदल्या दिवशीपर्यंत जागा मिळणारी नर्स आता रांगेत चाळिसावी. रुग्णालयांच्या पाळीच्या फेऱ्या आणखी काही आठवडे राखीव ठेवून बाकीच्या खुल्या करता आल्या असत्या. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत लोकल पुन्हा अत्यावश्यक कर्मचाऱ्यांपुरती झाली, तेव्हा हा धडा हाताशी होता.

आज पुन्हा तशी वेळ आली तर बस असतील का?

२०१९ मध्ये बेस्टने स्वतःच्या तीन हजारांवर बस राखायच्या असं ठरलं होतं. जुन्या भंगारात गेल्या, नव्या फारशा घेतल्या नाहीत, आणि आता स्वमालकीच्या बस काही शेकड्यांत मोजाव्या लागतात. बाकीचा ताफा भाडेतत्त्वावरचा, त्यातही छोट्या आणि वातानुकूलित बस बऱ्याच. या बसमध्ये अंतर ठेवून बारा-पंधरा माणसं मावतील. चालक बेस्टच्या हुकमतीत नाहीत. विजेवरच्या बसना दुपारच्या मोकळ्या वेळेत चार्जिंग देता येईल, हा एक फायदा.

तेव्हा पुढच्या करारांत तीन कलमं घालून घ्यावीत, असं माझं म्हणणं आहे. आणीबाणी जाहीर झाली की ठरावीक बस आणि चालक महापालिकेच्या हुकमतीखाली येतील. त्या काळात पैसे किलोमीटरवर मिळतील, तिकिटावर नाही. आणि बाहेरगावच्या चालकांची मुंबईत मुक्कामाची जागा कंत्राटदाराने आधीच दाखवलेली असेल. ही कलमं संकट आल्यावर घालता येत नाहीत, कारण तेव्हा कंत्राटदाराचाही फोन लागत नसतो.